घाट कोणत्या हाताला

॥ श्री ॥

मळा, चिखली
ता. २८ ऑक्टोबर १९६६

चि. शालिग्राम यास आजी झुंबरबाईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

लिहिणारी तुझी माय, सांगणारी मी. मले अक्षर येत नाही हे साऱ्या चिखलीले ठाऊक आहे, म्हणून सत्यभामेले बजावलं की मी जसं बोलते तसंच लिही, पुस्तकातलं करू नको. ती हाव म्हणते आन् मान खाली घालून आपल्या मनाचं लिहिते, असा मले वहीम आहे. पत्रात मी फार शहाणी वाटली तर समजून घे.

दसरा झाला. तुझ्या वाट्याचं सोनं देव्हाऱ्यात ठेवलं आहे, वाळून कुरकुर वाजून राह्यलं. लोक इचारतात, नातू नागपुरात काय शिकते? मी म्हणते, गाडी चालवायले शिकते. ते समजतात एसटी. मी बी समजू देते. एसटीच्या डायवरले पोरगी लवकर भेटते. हवेतल्या डायवरले कोण देईल?

आता कामाचं. तुझ्या बापानं तुले दोन सालं दिली, पाडव्याले सालदार गडी ठेवतात तशी, पाडवा ते पाडवा. पहिलं साल सरलं, दुसरं अर्ध्यावर आलं. पाडव्यापर्यंत धंद्याचं विमान चालवायचं लायसन पदरात पडलं नाही तर पिशवी उचलून मळ्यात यायचं आन् पुन्हा वर पाहायचं नाही, हे तू तुळशीपाशी उभं राहून कबूल केलं. साक्षीले मी होती. तेव्हापासून तुझा बाप भगवंता विमानाचं नाव घेत नाही, नुसतं 'ते' म्हणते. पण तुझं पत्र वाचायले घेतलं की ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसते. पत्र सरेपर्यंत त्याच्या हातची एक शेंग फुटत नाही.

विमान कापडाचं असते असं तू मागं लिहिलं, ते खरं काय? आपली गोधडी तीन पावसाळे काढत नाही. तुझ्या मायले त्या दिवसापासून झोप नाही. माझी चांगली लागते, पण मी तिले तसं सांगत नाही.

लोभ आहेच. पाय जमिनीले लागले की दोन ओळी टाकत जाय.

तुझी आजी

ता. क. जेवण वेळेवर करत जा. — माय


॥ श्री ॥

नागपूर
ता. ६ नोव्हेंबर १९६६

ती. स्व. आजीस व माय-बाबांस शालिग्रामचा शि. सा. न. वि. वि.

आजी, विमान कापडाचं आहे हे खरं. आत नळ्यांचा सांगाडा, वरून कापड, आणि त्यावर औषध चढवून ते ढोलकीच्या पानासारखं ताणलेलं. टिचकी मारली तर वाजतं. त्याचं नाव पुष्पक. हे नाव सांगितलं की माय थोडी निवांत झोपेल असं वाटतं. बसायला दोन जागा आहेत. शेजारच्या जागेवर आमचे कॅप्टनसाहेब बसतात आणि मी चुकलो की काहीच बोलत नाहीत. ते बोलले असते तर बरं, असं वाटतं.

यंदा दिवाळीला येत नाही, माफी असावी. या दिवसांत आकाश धुतल्यासारखं असतं, आणि लायसनला लागणाऱ्या उड्डाणाच्या अडीचशे तासांपैकी माझे एकशे नव्वद झाले आहेत. हवामानाचा पेपर निघाला, बाकीचे आधीच निघाले होते. डॉक्टरांनी डोळे, कान, छाती सगळं तपासून पास केलं. सरकारी सवलतीचे तास मार्चअखेर संपतात, म्हणजे जे करायचं ते तोवर.

आणि आता ऐका. शेवटचा मोठा डोंगर म्हणजे लांबचा प्रवास, एकट्यानं. नागपूरहून अकोला, अकोल्याहून औरंगाबाद, मुक्काम, आणि तसंच परत. नकाशा, घड्याळ आणि होकायंत्र, एवढंच सोबतीला. नकाशावर पट्टी ठेवून मी अकोल्यापासून औरंगाबादपर्यंत रेघ मारली आणि माझा हात मध्येच थांबला. रेघ बरोबर आपल्या चिखलीवरून जाते. आजी, मी तुमच्या डोक्यावरून जाणार. रात्रभर हीच गोष्ट उलटून पालटून पाहत होतो.

कॅप्टनसाहेब म्हणाले की वरून सगळे मळे सारखेच, आपलं घर कुणाला ओळखू येत नाही. मी म्हटलं, मला येईल. पण खरं सांगतो, मला येणार नाही. आपल्याकडे असं काही आहे का, जे तीन हजार फुटांवरून दिसेल?

बाबांना सांगावं की शेंगा फोडत राहाव्या. आपली माया अशीच वर पाहत असू द्यावी.

आपला,
शालिग्राम


॥ श्री ॥

मळा, चिखली
ता. १६ जानेवारी १९६७

चि. शालिग्राम यास आजीचे अ. उ. आशीर्वाद. सोबत तिळगुळाची पुडी आहे, टपालात चुरा झाला तर चमच्यानं खाय.

तू इचारलं तेव्हापासून मी डोकं खाजवून राह्यली. तुझी माय म्हणे घरावर झेंडा लावू. झेंडा तर शाळेवर बी आहे. मंग परवा मिरची तोडून आली आन् मी खळ्यावर उभी राह्यली तर डोळ्यापुढं लाल लाल. म्हटलं, झुंबर, तुझी अक्कल मिरचीतच होती.

तर ठरलं. यंदाची सारी मिरची एकाच खळ्यावर वाळत घालायची, चौकोनी, तुझ्या बापाच्या वाफ्यासारखी सुतात. आन् मधोमध तुझ्या आजोबाचं पांढरं धोतर पसरायचं, चार कोपऱ्यांवर चार दगड. लाल चौकोनात पांढरा पट्टा. असं दुसरीकडे कुठं असणार? ते धोतर मी बारा वर्षं पेटीत जपलं, आता कामी येऊन राह्यलं. ते असते तर म्हणाले असते, जिवंत होतो तवा तर एवढं कौतुक नव्हतं.

भगवंताले सांगितलं. तो म्हणे, मिरची विकायची असते, दाखवायची नसते. पण काल मी पाहिलं, दोरी धरून खळ्याची कड सरळ करून राह्यला होता. मी तिकडून गेलीच नाही.

धामणगाव बढ्याची माझी धाकटी बहीण जनका, तिचा जावई बाजाराले आला होता. त्याच्या हाती तिले निरोप धाडला, धोतरापासून दगडापर्यंत सारं सांगून, की माझा नातू आभाळातून माझं खळं पाहायले येणार आहे. जळू दे थोडी. लहानपणापासून तिचं माझं असंच. ती पडली घाटाखालची. मी तिले नेहमी म्हणते, माझ्या अंगणात उभं राह्यलं तर घाट खाली उतरते, तुझ्या अंगणात उभं राह्यलं तर घाट छातीवर येऊन उभा राहते. म्हणून तर तिच्या घरची माणसं जेवायच्या आधीच दमलेली असतात.

दिवस कळव. मिरची आतापासून होळीपर्यंत अंथरून ठेवीन, पण धोतर त्याच दिवशी काढीन.

तुझा जीव जपून ठेव. माझा इथं खळ्यावर वाळत घातलेला आहे.

आजी

ता. क. सकाळी उपाशी उडू नको. — माय


॥ श्री ॥

नागपूर
ता. २० फेब्रुवारी १९६७

ती. स्व. आजीस शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितो. दिवस ठरला. दोन मार्च, गुरुवार. अकोल्याहून सकाळी नऊच्या सुमारास निघेन, पावणेदहापर्यंत चिखलीवर असेन. मुक्काम औरंगाबाद, तीन तारखेला सकाळी त्याच वाटेनं परत.

नकाशावर चिखलीपाशी मी लाल पेन्सिलीनं चौकोन काढला. कॅप्टनसाहेबांनी पाहिला. हे काय, म्हणाले. मिरची, मी म्हटलं. त्यांनी नकाशा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले की खाली पाहायचंच तर जे हलत नाही ते पाहा, नदी, रेल्वे, डोंगर. जे माणूस सकाळी पसरतो आणि संध्याकाळी गोळा करतो त्याच्या भरवशावर विमान नेऊ नकोस. मी हो म्हटलं. चौकोन मात्र खोडला नाही.

हा प्रवास नीट झाला तर शेवटची परीक्षा मार्चमध्येच. बिघडला तर पुन्हा करायला सवलतीचे तास उरत नाहीत, आणि पाडवाही थांबणार नाही.

धोतर धुवून पसरा. दोन तारखेला भेटतो, लांबून का होईना.

आपला,
शालिग्राम


॥ श्री ॥

मळा, चिखली
ता. ४ मार्च १९६७

चि. शालिग्राम यास आशीर्वाद. किती, ते तुझं उत्तर आल्यावर ठरवीन.

कुठं होता बे तू?

परवा पहाटेपासून खळ्यावर बसली. आळीतल्या बाया आल्या, शाळेचे दोन मास्तर आले, शेजारची तानाबाई तर शिदोरी बांधून आली जशी जत्रेले. धोतर असं पसरलं होतं की सुरकुती नाही. पावणेदहा झाले, साडेदहा झाले, बारा झाले. साऱ्यांच्या माना मोडल्या. एक घार आली, तिलेच हात करून घेतला. दुपारी एक एक करून सारे उठून गेले, तेच मले लागलं. तुझी माय घरात गेली ते देवापुढून उठलीच नाही.

सांजेले मी मिरची भरून टाकायले लावली. साऱ्या मिरचीची पोती शिवली. धोतर तेवढं घडी करून खळ्यावरच दगडाखाली राह्यलं. काल सकाळी वरून काही घरघरत गेलं म्हणतात. मी डोक्याले फडकं बांधून आत पडली होती, बाहेर आली नाही. तुझी माय धावत निघाली तर तोवर गेलं बी होतं. मले त्याचं काय! आदल्या दिवशीचं पाहुणपण दुसऱ्या दिवशी शिळं.

आन् आज काय ऐकते? जनकाचा जावई खास एसटीनं आला सांगायले. गुरुवारी सकाळी विमान धामणगावावर आलं, तिच्या खळ्यावर दोन चकरा मारल्या, सारं गाव नाचलं, आन् जनकानं साखर वाटली. म्हणे नातवाले आजीपेक्षा मावसआजी प्यारी. मी त्याले चहा पाजला, पण साखर कमीच टाकली.

घरची खबर म्हणशील तर तुझा बाप कालपासून शिंका देऊन राह्यला. सकाळी पंपाचं काम आहे म्हणून खळ्याकडच्या विहिरीवर गेला होता, इंजिनाचा धूर लागला म्हणते. डोळे लाल झाले आहेत.

जिवंत आहे हे जनकाकडून कळलं, तेवढं बरं. बाकीचं तू सांग. मंग आशीर्वादाचं पाहू.

आजी

ता. क. त्या रागावल्या नाहीत, घाबरल्या होत्या. लवकर लिही. — माय


॥ श्री ॥

नागपूर
ता. ८ मार्च १९६७

ती. स्व. आजीस शतशः शि. सा. न. वि. वि.

आजी, मी हरवलो होतो. आणि तुम्हीच मला सापडवलं. आता रागावण्याआधी सगळं ऐकून घ्यावं.

अकोल्याला सांगितलं होतं की वारा पश्चिमेचा आहे. त्या हिशेबानं नाक थोडं वळवून निघालो. वर गेलो तर वारा निघाला दक्षिणेचा, आणि जोराचा. तो मला उजवीकडे, घाटाखाली लोटत होता. हवेत धुरळा होता, खालचं पुसट दिसत होतं. तरी मला कळायला हवं होतं. पण मी नदी पाहिली नाही, रस्ता पाहिला नाही. मी लाल शोधत होतो.

आणि लाल दिसलं. चौकोनी, सुतात, मधोमध पांढरा पट्टा. आजी, मी एकटाच विमानात ओरडलो. दोन चकरा मारल्या, पंख हलवले. खाली माणसं मुंग्यांसारखी धावत होती. त्यातली एक तुम्ही, असं धरून मी तिला नमस्कारही केला. मग घड्याळ पाहून चिखलीपासूनची दिशा धरली आणि औरंगाबादकडे निघालो.

चार मिनिटं गेली असतील. पुढं धुरळ्यात काहीतरी काळसर होतं. ते वाढत गेलं. डोंगर. डाव्या हातापासून समोरपर्यंत भिंतीसारखा उभा. मला काही सुधरेना. नकाशात चिखलीच्या पुढं असा डोंगर नाही. पेन्सिल हातातून खाली पडली. आणि तेवढ्यात तुमचा आवाज आला, अगदी शेजारच्या जागेवरून आल्यासारखा. माझ्या अंगणातून घाट उतरतो, जनकाच्या अंगणात तो छातीवर येतो.

मी घाटाखाली होतो! ते खळं जनकाआजीचं होतं, तुमचा निरोप ऐकून तिनं तसंच मांडलेलं.

एकदा कळल्यावर सगळं सोपं झालं. धामणगाव नकाशावर होतंच. तिथून नवी रेघ मारली, उंची वाढवून घाट ओलांडला, आणि औरंगाबादला एकोणीस मिनिटं उशिरा उतरलो. तेल भरपूर शिल्लक होतं, मायला सांगावं.

परतताना मी लाल काही शोधलं नाही. घाट कोणत्या हाताला आहे, एवढंच पाहिलं. परतीच्या वाटेवर तो डाव्या हाताला खाली उतरत होता, बरोबर तुम्ही म्हणता तसा. मग बुलढाण्याकडून येणारा रस्ता, मग विहीर. आपलं खळं रिकामं होतं, तरीही मी ते ओळखलं. खळ्यावर एकच माणूस होता. डोक्यावर मोठं पांढरं कापड दोन्ही हातांनी फिरवत होता, इतक्या जोरानं की मला वाटलं आता तोच उडेल. मी पंख हलवले. कोण होतं ते? आळीतलं कुणी?

नागपूरला आल्यावर मी कॅप्टनसाहेबांना सगळं सांगितलं. न सांगता चाललं असतं, उशीर वाऱ्यावर घालता आला असता. पण मिरचीची गोष्ट पोटात राहीना. त्यांनी ऐकून घेतलं. मग खोडरबर काढून माझा लाल चौकोन पुसला, त्या जागी स्वतःच्या हातानं 'घाट' असं लिहिलं, आणि प्रवासाच्या कागदावर सही केली. म्हणाले, तुझ्या आजीला विचार, इथं भूगोल शिकवायला येतील का.

आता आशीर्वाद पुरते मोजून पाठवावे.

आपला,
शालिग्राम


॥ श्री ॥

नागपूर
ता. २ एप्रिल १९६७

ती. स्व. आजीस व माय-बाबांस शि. सा. न. वि. वि.

शेवटची परीक्षा शुक्रवारी झाली. पास. परीक्षक शेजारी बसले होते आणि त्यांनी हवेत मध्येच इंजिनाचा जोर काढून घेतला, की आता उतरून दाखव. मी उतरण्याजोगं शेत निवडून दाखवलं. नांगरलेलं नव्हे, हरभरा निघालेलं. ते म्हणाले, शेतकऱ्याचा मुलगा दिसतोस.

पण आजी, लायसनचे कागद दिल्लीला गेले आहेत. पंधरा दिवस लागोत की महिना, कुणी सांगत नाही. पाडवा आठ दिवसांवर आला. तुळशीपाशी मी लायसन हातात असं म्हटलं होतं, परीक्षा पास असं नव्हे. बाबा शब्दाचे पक्के आहेत, मीही त्यांचाच. त्यांचं जे म्हणणं असेल ते मला मान्य आहे. म्हणतील तर पाडव्याच्या सकाळी पिशवी घेऊन दारात उभा राहतो. फक्त त्यांनी स्वतः सांगावं, एवढी विनंती त्यांच्या कानावर घालावी.

लोभ उणा होऊ नये.

शालिग्राम


॥ श्री ॥

मळा, चिखली
ता. १५ एप्रिल १९६७

चि. शालिग्राम यास आजीचे मागचे थकलेले आन् आताचे नवे, सारे मिळून आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या मायनं वाचलं. भगवंता ओट्यावर होता. पिशवीपर्यंत वाचून झालं आन् कडाड करून शेंग फुटली. उठला आन् निघून गेला. तुले उत्तर काय धाडावं ते मले कळेना, म्हणून मी धाडलंच नाही. तू तिकडं पिशवी बांधून बसला असशील, बस थोडा. मले बी एक सारा दिवस खळ्यावर बसवलं होतं.

आधी त्या पांढऱ्या कापडाचं सांगते. ते तुझ्या आजोबाचं धोतर होतं. सारा दिवस मिरचीवर पसरलेलं, तिखटाच्या धुळीनं भरलेलं. ते जो डोक्यावर फिरवील त्याच्या नाकाचं काय होईल? आता शिंका कोणाले लागल्या होत्या ते तूच आठव. तुझं मार्चातलं पत्र वाचलं त्या दिवशी मी त्याले काही इचारलं नाही. जेवताना एवढंच म्हटलं, इंजिनाचा धूर आजकाल धोतराले बी लागते. त्यानं भाकर मागितली. ताटात भाकर होतीच.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभी केली. मळ्यात माणसं आली सालाचं बोलायले. भगवंतानं यंदा दोन सालदार ठेवले. दर साली एकच असते. मी म्हटलं, दुसरा कोणाच्या जागी? कागद तर दिल्लीहून यायचा आहे. तेव्हा तो बोलला. तुझ्या मायले म्हटलं, हे शब्द जसेच्या तसे लिही, एक काना इकडचा तिकडं करू नको:

“कागद येईल तवा येईल. पोरगं घाट ओळखून गेलं, लेखी काय पाहायचं?”

दोन सालांत इतकं लांब बोलला नव्हता. तुझी माय गुढीआड जाऊन रडली. आताही रडून राह्यली, म्हणून ही ओळ वाकडी आली.

आन् काल तुझी तार आली. तार म्हटल्याबरोबर साऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पोष्टमननं हसत हसत सांगितलं की लायसन मिळालं, तेव्हा तानाबाईनं त्यालेच ओवाळलं. मी साऱ्यांले सांगून टाकलं की एसटी नव्हे, विमान. आता पोरीवाले दोन आले बी. एकानं इचारलं, पोरगा मुक्कामाले कुठं असते? मी बोट वर केलं.

आता शेवटचं. तुझ्या कॅप्टननं म्हटलं ना, जे हलत नाही ते पाहावं. कालपासून तुझा बाप विहिरीवर चढून बसला. साऱ्या कठड्याले चुना देऊन राह्यला, गोल, पांढरा शुभ्र, हातभर रुंद. इचारलं तर म्हणते, बेडकं होतात म्हणून. मी म्हटलं, हाव रे बाबा, तीन हजार फुटांवरची बेडकं.

तेव्हा पुढच्या खेपेले पांढरी विहीर पाहाय. घाट उतरत्या बाजूले आहे की नाही तेवढं आधी तपासून घे. जनकाले विहिरीचं अजून सांगितलं नाही. तू बी सांगू नको.

लोभ तुझ्या उंचीले पोहोचेल इतका आहे, खाली ये आन् घेऊन जाय.

तुझी आजी
झुंबरबाई

ता. क. त्यांनी जनकामावशींना कालच निरोप धाडला, मीच लिहून दिला. तू मात्र उपाशी उडू नको. — माय